मांजराचे जुलाब थांबत नसतील, तर आधी उपायांची घाई थांबवा

उज्जैनमध्ये मांजर पाळणाऱ्या मराठी घरांना एक कळकळीची विनंती आहे. मांजराला दोन-तीन आठवड्यांपासून पातळ शी होत असेल, तर रोज नवा उपाय करून बघणं बंद करा. आज दहीभात, उद्या डाळिंबाच्या सालीचं पाणी, परवा फ्रीगंजातल्या मेडिकलमधून आणलेली माणसाची गोळी, आणि त्यानेही जमलं नाही की नव्या कंपनीचं खाणं. घरात प्रत्येकाचा उपाय वेगळा आणि प्रत्येक उपायाला मुदत दोन दिवसांची. यात मांजराचं पोट तर सुधारत नाहीच, पण पुढे डॉक्टरकडे गेल्यावर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं हेही कुणाला सांगता येत नाही. लांबलेल्या जुलाबांत आजाराइतकाच त्रास या धरसोडीने होतो.

एका वेळी एकच बदल करा, त्याला पुरेसे दिवस द्या आणि काय घडलं ते वहीत लिहा. मला जे सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच.

पण काही मांजरांना वाट बघायला वेळ नसतो, म्हणून ते आधी. पिल्लू सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि जुलाबांबरोबर उलट्याही असतील. मांजराने चोवीस तासांत काही खाल्लं नसेल. शी डांबरासारखी काळी किंवा रक्ताने भरलेली असेल. अंग थंड लागत असेल, मांजर कोपऱ्यात पडून राहत असेल. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच खाली बसत नसेल, हिरड्या ओल्या असण्याऐवजी चिकट लागत असतील, तर वही-बिही राहू द्या आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचू लागते आणि जुलाबांपेक्षा मोठं दुखणं उभं राहतं. लठ्ठ मांजराला हा धोका जास्त. आणखी एक. बोका पुन्हापुन्हा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल आणि बाहेर काहीच येत नसेल, तर ते पोट बिघडलंय असं धरून चालू नका. लघवीची वाट बंद झाली असेल तर तो दोन-तीन दिवसांत जीवाला मुकतो. ट्रेमध्ये लघवीची ओल दिसते का, हे आधी बघा.

ही लक्षणं नाहीत, मांजर खातंय, खेळतंय, पण शी काही घट्ट होत नाही, अशा मांजरासाठी आता वही घ्या. साधी शाळेची वही चालेल. रोज शी किती वेळा झाली, किती, कशी दिसली, उलटी झाली का, काय खाल्लं, कोणतं औषध दिलं. शीचा मोबाईलवर फोटो काढायला लाजू नका. डॉक्टरला तुमच्या वर्णनापेक्षा त्या फोटोचा उपयोग जास्त होतो. आठवड्यातून एकदा वजन करा. घरच्या काट्यावर मांजराला कडेवर घेऊन उभं राहिलं आणि मग आपलं वजन वजा केलं, तर शे-दोनशे ग्रॅमचा फरक हाती लागत नाही. प्रवासाच्या बॅगा टांगून मोजायचा काटा मिळतो, त्याला मांजराची पिशवी अडकवा. चार किलोच्या मांजराचं तीनशे ग्रॅम वजन उतरणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं साडेचार किलो उतरणं. डोळ्यांना ते दिसत नाही, कारण केसांखाली सगळं झाकलेलं असतं.

वहीतून एक महत्त्वाची गोष्ट आपोआप कळते, ती म्हणजे दुखणं लहान आतड्यात आहे की मोठ्या. दिवसातून दोन-तीनदाच, पण भरपूर पातळ शी, वजन उतरणं, मधूनमधून उलटी, केस निस्तेज, हा बहुधा लहान आतड्याचा त्रास. दिवसातून सहा-आठ वेळा थोडी थोडी शी, तिच्यात शेंबडासारखी आव, शेवटी ताज्या लाल रक्ताचा थेंब, कुंथणं, कधी ट्रेपर्यंत पोचायच्या आतच गालिच्यावर शी होणं, हा मोठ्या आतड्याचा. दोन्हींची कारणं वेगळी आणि तपासण्याही वेगळ्या. "जुलाब होतात" एवढंच सांगितलं तर डॉक्टरला अंदाजाने औषध द्यावं लागतं. हे सांगितलं तर अर्धी वाट सरते.

आता खाणं. आपल्या घरांत, विशेषतः शिंद्यांच्या काळापासून इथे राहिलेल्या शाकाहारी घरांत, मांजराचं जेवण म्हणजे दूध-पोळी, दूध-भात, फार तर दही. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या म्हणींनीही पक्की करून टाकली आहे. पण आईचं दूध सुटल्यावर, दोन-तीन महिन्यांनंतर, बहुतेक पिल्लांची दुधातली साखर पचवायची ताकद उतरत जाते. सांचीच्या पिशवीतलं दूध असो की दारावरच्या गवळ्याचं, न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि शी पातळ होते. कितीतरी मांजरांचे महिनोन् महिन्यांचे जुलाब दूध पूर्ण बंद केल्यावर थांबतात. म्हणून पहिला बदल हाच करा. दूध बंद, अगदी चमचाभरही नाही, आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवा. आठवडाभर बघा.

त्यापलीकडे एक अवघड गोष्ट शाकाहारी घरांना सांगायलाच हवी. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला पुरेसं बनवता येत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय कमजोर होऊन फुगतं. हृदयाचं हे दुखणं टॉरिनच्या कमतरतेमुळे होतं, हे 1987 साली सिद्ध झालं आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाण्यात ते जास्त प्रमाणात घालायला सुरुवात झाली. वरण-भात-दुधावर मांजर दिवस काढतं, धड राहत नाही. घरात मांस शिजवायचं नसेल तर त्या भावनेचा मला पूर्ण आदर आहे. अशा घरांनी मांजरांसाठीचं संपूर्ण आहार असलेलं पाकीट आणावं. कुत्र्याचं नव्हे, मांजराचंच. आणि नाश्त्याचे पोहे आणि शेव यांतला वाटा मांजराला देऊ नये. पोह्यांतला कांदा, फोडणीतला लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. तो रोज थोडा थोडा पोटात गेला तरी पांडुरोग होतो.

दूध बंद करूनही जमलं नाही, तर पुढचा बदल नीट योजून करायचा. लांबलेल्या जुलाबांच्या पुष्कळ मांजरांना एखाद्या विशिष्ट मांसाचं वावडं असतं आणि नुसतं खाणं बदलून ती बरी होतात. पण बदल म्हणजे पाकिटाचा रंग बदलणं नव्हे. पाकिटावर "ट्यूना" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि मागे घटकांच्या यादीत कोंबडी पहिली असते. यादी वाचा. मांजराने आजवर कधी न खाल्लेलं एकच मांस असलेलं खाणं, किंवा डॉक्टर सांगतील ते, ज्यातली प्रथिनं आधीच बारीक तोडलेली असतात असं खाणं निवडा. जुन्यात नवं मिसळत चार-पाच दिवसांत पूर्ण बदल करा आणि मग निदान दोन आठवडे त्यावर ठाम राहा. पोटाच्या तक्रारीत फरक पडायचा असेल तर साधारण तेवढ्यात दिसतो. या काळात मांजर घरातच राहिलं पाहिजे. गल्लीत फिरून ते शेजारच्या काकूंकडे दूध आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलमागे शिळं खात असेल तर हा प्रयोग वाया गेला. काकूंनाही आधीच सांगून ठेवा, त्या मायेने देतात, त्यांना माहीत नसतं.

घरी उकडलेली कोंबडी, मीठ-हळद-तेल काही न घालता, चार-सहा दिवस चालते. महिनोन् महिने नाही. तिच्यात कॅल्शियम नाही आणि उकळताना टॉरिन पाण्यात उतरतं.

औषधांबद्दल मी अधिक ठामपणे बोलणार आहे, कारण इथे जीव जातो. माणसाची पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराला मारायला पुरते. आपल्या यकृतात जी प्रक्रिया ते औषध निष्प्रभ करते ती मांजराच्या यकृतात फारच दुबळी आहे. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, चेहरा सुजतो, श्वास कोंडतो. "अंग गरम लागलं म्हणून पाव गोळी दिली" असंही करू नका. जुलाब बांधायच्या माणसाच्या गोळ्या, म्हणजे लोपरामाइड, काही मांजरांना बेभान करतात, आणि आत जंतुसंसर्ग असेल तर घाण आतच अडकून राहते. बिस्मथ असलेल्या पोटाच्या औषधांत अॅस्पिरिनच्या जातीचं द्रव्य असतं, तेही नको. जंतांसाठी घरात ठेवलेली अल्बेंडाझोलची गोळी मांजराच्या अस्थिमज्जेवर वाईट परिणाम करू शकते. मांजरासाठी फेनबेंडाझोल आणि प्राझिक्वांटेल यांसारखी औषधं आहेत, ती वजनावरून डॉक्टरच ठरवतील. आणि मेट्रोनिडाझोल. ते दिलं की शी दोन दिवसांत घट्ट होते, सगळे निःश्वास टाकतात, गोळी संपली की परत पातळ. मग पुन्हा तीच गोळी. आतड्यातले उपयोगी जंतू त्यात मरतात, मूळ कारण तसंच राहतं, आणि जास्त मात्रेत ते मेंदूवरही परिणाम करतं. डॉक्टरांनी ते दुसऱ्यांदा लिहून दिलं तर नम्रपणे विचारा, "शी तपासून मग ठरवायचं का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

शीची तपासणी हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. सकाळची ताजी शी स्वच्छ, कोरड्या डबीत घ्या आणि दोन-तीन तासांत पोचवा. एकदा काही सापडलं नाही म्हणजे काही नाही असं नसतं. जिआर्डिया नावाचा सूक्ष्म जीव रोज शीतून बाहेर पडत नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्यावे लागतात. पिल्लांमध्ये गोलकृमी फार, ते आईच्या दुधातूनच येतात. पिसवा असलेल्या मांजरात पट्टकृमी हमखास. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसतात. पिसवांचा बंदोबस्त न करता नुसतं जंताचं औषध दिलं तर मांजर अंग चाटताना पिसू गिळतं आणि जंत परत येतात. इथेही एक सावधगिरी हवी. कुत्र्याच्या पिसवांचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराच्या अंगाला लावू नका. त्याने झटके येतात.

विकत घेतलेल्या पर्शियन पिल्लांबद्दल वेगळं सांगायला हवं. वर्षाच्या आतलं, एरवी मजेत खेळणारं पिल्लू, पण शी सतत शेणासारखी, भयंकर घाण वासाची, आव आणि रक्ताचे थेंब असलेली. असं असेल तर ट्रायट्रायकोमोनास या जीवाचा संशय घ्यावा लागतो. अनेक मांजरं एकत्र ठेवून विकली जातात तिथे तो पसरतो. नेहमीच्या जंताच्या औषधांना तो दाद देत नाही, मेट्रोनिडाझोललाही नाही. त्याच्यासाठी पीसीआर चाचणी लागते, आणि तो नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नसतो. हे नाव डॉक्टरांसमोर तुम्ही उच्चारलंत तरी पुष्कळ वेळ वाचतो. धीर द्यायला एवढं सांगतो की यातली बहुतेक पिल्लं दोन वर्षांच्या आत आपोआप बरी होतात.

आठ-दहा वर्षांच्या पुढचं मांजर असेल तर विचार वेगळ्या दिशेने करा. आधीपेक्षा जास्त खातंय, तरी वाळत चाललंय, रात्री ओरडतंय, शी पातळ. म्हणजे थायरॉइड वाढलेलं असू शकतं, आणि ते एका रक्ततपासणीत कळतं. ते नसेल तर आतड्याची जुनी सूज किंवा आतड्यातला सावकाश वाढणारा कर्करोग, लिम्फोमा. हे दोन एकमेकांसारखे इतके दिसतात की सोनोग्राफी आणि कधी आतड्याचा तुकडा तपासल्याशिवाय वेगळे सांगता येत नाहीत. कर्करोग हा शब्द ऐकून हातपाय गाळू नका. मांजरातला हा सावकाश वाढणारा प्रकार गोळ्यांवर पुष्कळदा वर्ष-दोन वर्षं आणि त्याहूनही जास्त काबूत राहतो. मात्र स्टेरॉइड सुरू करायच्या आधी सोनोग्राफी करून घ्या. आधीच सुरू केलं तर खूण पुसली जाते आणि मग निदान हाती लागत नाही.

लांबलेल्या जुलाबांत ब जीवनसत्त्वातलं बी-12 तपासायचं किंवा सरळ द्यायचं राहून जातं. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. तो भाग आजारी असला की शोषण थांबतं आणि मांजराच्या शरीरातला साठा भराभर संपतो. साठा संपला की भूक मरते, आतड्याचं अस्तर नीट भरून येत नाही, म्हणजे जुलाबांमुळे कमतरता आणि कमतरतेमुळे जुलाब. खाणं अचूक, औषध अचूक, तरी मांजर सुधरत नाही, याचं कारण अनेकदा इथे असतं. आठवड्याला एक इंजेक्शन, असे साधारण सहा आठवडे, आणि खर्च फार नाही. वजन उतरत असेल तर डॉक्टरांना हे जरूर विचारा.

मोठ्या आतड्याच्या त्रासात इसबगोल उपयोगी पडतो. आपल्या माळव्याचंच पीक हे, नीमच-मंदसौरकडे भरपूर होतं. शीला आकार येतो, कुंथणं कमी होतं. पण वजन उतरत असलेल्या, लहान आतड्याच्या आजाराच्या मांजराला त्याने फायदा नाही. मात्रा डॉक्टरांना विचारा आणि ते नेहमी ओल्या खाण्यात भिजवूनच द्या. दही हे मांजरासाठीच्या प्रोबायोटिक पावडरचा पर्याय नाही. आणि मांजराला धरून तोंडात पिचकारीने ओआरएस ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. पाणी कमी पडलं असेल तर डॉक्टर कातडीखाली सलाईन देतात, दहा मिनिटांचं काम असतं.

कुठे जायचं? जिल्ह्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते, म्हणून मांजर नेऊ नये असं पुष्कळांना वाटतं. न्या. सरकारची फिरती गाडी 1962 या क्रमांकावर बोलावता येते आणि ती कुत्र्या-मांजरांसाठीही आहे. खासगी डॉक्टर निवडताना मांजरं नियमित बघतात का, हे आधी विचारा, कारण मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे. सोनोग्राफी, मोठ्या रक्तचाचण्या यांसाठी इंदूर पंचावन्न किलोमीटरवर आहे. त्याच्या पुढे महूला 1955 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते आज नानाजी देशमुख यांच्या नावाच्या जबलपूरच्या विद्यापीठाखाली येतं. उज्जैनहून सुमारे 80 किलोमीटर. मांजर जाळीच्या बंद पेटीत न्या, झोळीत नको. रस्त्यात सुटलं तर सापडत नाही.

पैशाची ओढाताण असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यात कमीपणा नाही. खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी शीची तपासणी आणि जंताचं योग्य औषध, मग दोन आठवडे नवं खाणं, मग रक्त आणि बी-12, आणि सर्वांत शेवटी सोनोग्राफी. मांजर म्हातारं असेल तर रक्ततपासणी वर आणा. बहुतेक मांजरं पहिल्या दोन पायऱ्यांतच बरी होतात.

पावसाळ्यात भिजलेलं पिल्लू उचलून घरी आणणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांना सांगायचं आहे, त्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. जुलाब, उलट्या, मान टाकणं ही मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया या विषाणूचीही लक्षणं असतात आणि तो घरातल्या लस न दिलेल्या मांजराला घेऊन जातो. फिनाइलने तो मरत नाही, शिवाय फिनाइल मांजराला विषारी आहे. आधी धुऊन घेतलेल्या फरशीवर पाणी घातलेलं ब्लीच दहा मिनिटं राहू द्या आणि मग स्वच्छ पुसा. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यायची असते.

आणि शेवटची विनंती सगळ्यात मनापासून. घरभर घाण होते म्हणून, किंवा लेक बाळंतपणाला माहेरी येणार म्हणून, आजारी मांजराला पोत्यात घालून क्षिप्रेपलीकडे सोडून येऊ नका. पाळलेलं जनावर असं टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि जुलाबांनी थकलेलं मांजर अनोळखी जागी फार दिवस काढत नाही. गरोदर बाईला ज्या टोक्सोप्लाझ्माची भीती घातली जाते, त्याची बीजं मांजराच्या शीत बाहेर पडल्यावर संसर्गाला तयार व्हायला निदान एक दिवस लागतो. ट्रे रोज साफ केला तर तो धोका उरत नाही म्हटलं तरी चालेल. कच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांचा धोका त्याहून मोठा. बाळंतपण होईपर्यंत ट्रेचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं, हातमोजे घालावेत, साबणाने हात धुवावेत. जुलाब चालू असतील तोवर मांजराला फरशी असलेली एक खोली द्या, ट्रेमध्ये वर्तमानपत्र घाला म्हणजे शी नीट दिसेल आणि बदलणं सोपं जाईल, पाण्याची दोन भांडी ठेवा, आणि वही त्याच खोलीत दाराजवळ टांगून ठेवा.